पाव घटका

अमरावतीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर या आठवड्यात पुन्हा कापूस सांडू लागला आहे. गाड्या भरताना कितीही दाबून भरल्या तरी तट्ट्याच्या भोकांतून बोंडं बाहेर डोकावतात. रस्त्याच्या दुतर्फा बाभळी आहेत, त्यांच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. शाळा सुटल्यावर घरी येताना मी रोज गाड्या मोजतो. ही माझी जुनी खोड. काल एकशे बारा होत्या. अमेरिकेतली लढाई चालू होती त्या वर्षांत याच रस्त्यावर गाड्यांची रांग मोजायला उभं राहिलं तर जेवणाची वेळ टळून जायची म्हणे. लढाई संपली, भाव उतरले, बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली. कापसाचा वास मात्र तोच आहे, सरकीचा, किंचित तेलकट, उन्हात तापलेल्या गोणपाटासारखा. तो वास आला की मला कार्तिकातली एकच संध्याकाळ आठवते आणि उकर्डा आठवतो.

आमचं गाव अकोल्यापासून सात कोसांवर. गावचं जोशीपण आमच्या घराकडे होतं. पंचांग वडील पाहत आणि लग्नात घटका मोजायचं काम मी करी. ज्यांनी घटिकापात्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याची एक पातळ वाटी असते, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती सोडायची. भोकातून पाणी आत चढतं आणि वाटी बुडते, ती एक घटका. इंग्रजी हिशेबानं चोवीस मिनिटं. गोरज मुहूर्ताचं लग्न असलं की सूर्याचं अर्धं बिंब मावळलेलं दिसताच वाटी सोडायची असते. बाकीच्या जोशांना एवढं पुरे. मी मात्र वाटीच्या आतल्या बाजूला खिळ्यानं तीन रेघा ओढून घेतल्या होत्या, पाव, अर्धी आणि पाऊण घटकेच्या. वडील म्हणत, ब्रह्मदेवालासुद्धा इतकं बारीक लागत नाही. मला लागे.

उकर्डा माझ्याच वयाचा. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून हा जगावा यासाठी आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टेकवून उचललं आणि नाव तेच ठेवलं. नाव असं असलं तरी माणूस देखणा होता, उंच, डोक्याला कायम तांबडा फेटा. दिवसभर तो वावरात, मी पोथीत. पण सूर्य कलला की तो बैल बांधून आमच्या ओट्यावर येई. दिवा लागायच्या आधीचा तो थोडा वेळ आमचा. गाई परतत, धुरळा खाली बसत असे, चुलींचा धूर गावावर आडवा पसरे, तुरीच्या फुलांचा वास येई. आम्ही फार बोलत नसू. तो तंबाखू मळी आणि माझी थट्टा करी. म्हणे, जोशा, तू मेला की यमालेही सांगशील, पाव घटका थांब म्हणून. मग अंधार पडला की उठून जाई. ती वेळ दिवसाची की रात्रीची, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. आमच्याकडे तिला तिन्हीसांज म्हणतात आणि तेवढ्यानं काम भागतं.

कापसाचा भाव चढला त्याच वर्षी तालुक्याच्या कचेरीत नव्या फौजदारी कायद्याचं पुस्तक आलं. वऱ्हाड निजामाचं, कारभार इंग्रजांचा, त्यामुळे कुठला हुकूम कधी लागू होतो ते आम्हाला नीट कळत नसे. पण एक दिवस शिरस्तेदारानं गावोगावच्या पाटील-कुळकर्ण्यांना बोलावून त्यातली कलमं मराठीत वाचून दाखवली. वडिलांबरोबर मीही गेलो होतो. पाचशे अकरा कलमं. मला ते पुस्तक फार आवडलं, हे आज लपवत नाही. प्रत्येक गुन्ह्याला नाव, प्रत्येक नावाची व्याख्या, प्रत्येक व्याख्येखाली उदाहरण, आणि शिक्षेची वरची हद्द किती, ते आकड्यात. माझ्यासारख्या माणसानं लिहिलेलं पुस्तक वाटलं ते मला.

आणि ते चांगलंच होतं. जुन्या न्यायाचे गोडवे गाणारी मंडळी आता अमरावतीतही भेटतात. त्यांना मी आमच्या गावच्या जागल्याची, सोनबा महाराची गोष्ट सांगतो. पूर्वी गावात चोरी झाली की पहिला संशय सोनबावर. चोर सापडेना झाला की सोनबाला चावडीच्या आढ्याला टांगून बडवत. कबुली निघे. कधी खरी, बहुतेक खोटी. नव्या पुस्तकात कबुलीसाठी मारहाण करणाऱ्यालाच शिक्षा होती, मग तो पाटील का असेना. शिरस्तेदारानं ते कलम वाचलं तेव्हा पाटलानं घसा खाकरला आणि ओसरीबाहेर उभ्या सोनबानं ते पुन्हा वाचायची विनंती केली. शिरस्तेदारानं वाचलं. त्या हिवाळ्यात सोनबाची पाठ पहिल्यांदा कोरडी राहिली. म्हणून त्या पुस्तकाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला हळहळ आहे ती वेगळ्या गोष्टीची.

त्या कार्तिकात पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. गोरज मुहूर्त, अर्धं बिंब मावळल्यापासून अर्ध्या घटकेवर अक्षता. सारा गाव मांडवात. मी पाटलाच्या ओट्याच्या पश्चिमेकडच्या टोकाला घंगाळ घेऊन बसलो होतो. समोर गल्ली, गल्लीपलीकडे रायभानचं परसू, त्याच्यामागे मावळता सूर्य. रायभान हा उकर्ड्याचा थोरला भाऊ. आई गेल्यावर दोघे वेगळे झाले होते. कापसाच्या तेजीत रायभाननं पुढच्या बाजूनं विटांचं घर बांधलं. मागचं स्वयंपाकघर मात्र अजून पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, कुडाचंच होतं.

दोघा भावांत एकच वाद होता, आईच्या टाकाचा. देवीची मूर्ती ठोकलेला चांदीचा तो पत्रा, तळहाताएवढा. त्यांच्या घरची रीत अशी की कापसाचा पहिला वेचा करायच्या सकाळी तो टाक वावरात न्यायचा, एका झाडाखाली ठेवायचा, दहीभात दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. आई थकल्यावर उकर्ड्याकडे राहिली, आणि टाक उकर्ड्याकडे राहू दे असं ती बोलून गेली होती. रायभान म्हणे, देव थोरल्याच्या घरी. नव्या घराची वास्तुशांत झाली की देतो, असं त्यानं दोनदा कबूल केलं. वास्तुशांत होऊन गेली. उकर्ड्याचं वावर फुटून पांढरं झालं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा पहिला वेचा होता.

बिंब अर्धं झालं, मी वाटी सोडली. थोड्या वेळानं मान वर केली तर परसात उकर्डा. त्यानं मलाही पाहिलं. लपणं नाही, वाकणं नाही. कुडाच्या दोन पऱ्हाट्या उपसल्या, फेटा सावरला आणि आत पाय टाकला. मी सवयीनं खाली पाहिलं. पाणी पहिल्या रेघेला लागलं होतं. उजेड इतका होता की फेट्याचा तांबडा रंग ओळखू येत होता, पऱ्हाटीला चिकटलेला कापूससुद्धा दिसत होता. मला वाटलं, भावाच्या घरी गेला असेल काही कामाला. मग अर्धी घटका झाली, मी हात वर केला, वाजंत्री वाजली आणि मी ते विसरलो.

उकर्डा विसरला नव्हता. जेवणाची पंगत बसली तेव्हा तो रायभानच्या समोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दादा, मायचा टाक म्या नेला. सकायी वावरात नेतो. मंग काय बोलाचं थे बोल."

त्याच्या समजुतीत गोष्ट तिथंच सरळ झाली होती. जो लपवतो तो चोर. जो पंगतीत उभा राहून सांगतो त्याच्याशी भांडण होतं, पंच बसतात, दोघांना ऐकवतात, शेवटी एकत्र जेवायला घालतात. आमच्याकडे असंच होत आलं होतं. रायभानही पूर्वीचा असता तर दोन शिव्या देऊन बसला असता. पण त्या पंगतीत अकोल्याचे दोन व्यापारी होते आणि त्यांच्यासमोर धाकट्यानं आपलं घर फोडलं हे त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवशी उकर्डा दहीभात दाखवत होता तेव्हा रायभान नव्या पोलीस ठाण्यात फिर्याद लिहवत होता. त्याला फक्त भावाला धाक घालायचा होता. हे तो मला पुढे अनेकदा म्हणाला आणि माझा त्यावर विश्वास आहे.

चार दिवसांत त्याचा राग उतरला. तो ठाण्यात गेला आणि म्हणाला, फिर्याद परत द्या. जमादारानं सांगितलं, ही भांडी नाहीत उसनी न्यायला आणि परत आणायला, आता ही फिर्याद सरकारची. रायभानला हे काही केल्या कळेना. घर माझं, टाक आमच्या आईचा, चोर माझा भाऊ, यात सरकारचं काय गेलं? मी पुस्तक ऐकलं होतं, मला कळत होतं. गुन्हा एका माणसाचा दुसऱ्याशी राहिलेला नव्हता, राज्याशी झाला होता. सोनबाची पाठ ज्या कलमानं वाचवली तेही याच समजुतीतून आलेलं. मी रायभानला हे समजावलं. तो म्हणाला, तुमचं बरोबर असंल महाराज, पण मले माहा भाऊ पायजे.

मग ठाण्यात जबानी देताना उकर्ड्यानं स्वतःच आपला साक्षीदार सांगितला. आपण चोरून गेलो नाही हे दाखवायला त्याच्याकडे याहून मोठा पुरावा नव्हता. म्हणाला, चोरी कराची असती तं जो मावळतीकडे डोये लावून बसला त्याच्या समोरून गेलो असतो काय? जोशाले विचारा.

समन्स माझ्या घरी आलं.

साक्षीच्या दोन दिवस आधी उकर्ड्याची बायको बायजा आमच्या अंगणात आली. वेचणीवरून तशीच आली होती, केसांत कापसाचे तंतू, बोटांची टोकं बोंडाच्या नख्यांनी चिरलेली. अकोल्याहून कुणीतरी तिला कळवलं होतं की पुस्तकात घरफोडीची दोन कलमं आहेत, दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत सगळी रात्र, आणि रात्रीची शिक्षा जबर. ती म्हणाली, महाराज, तेवढं दिवस होता म्हना. मी म्हणालो, शपथ घेऊन खोटं बोलणं मला जमणार नाही.

"मी खोटं बोला नाई म्हनत," ती म्हणाली. "उजेड होता का नाई, थे सांगा."

"होता."

"मंग?"

उजेड होता आणि सूर्य नव्हता. ती ओच्यातला कापूस सावरून निघून गेली. घरात माझी बायको तांदूळ निवडत होती. तिनं सूप उचललं आणि चुलीकडे गेली.

अकोल्याच्या कचेरीत त्या दिवशी गावातले पाच जण साक्षीला होते. शिरस्तेदारानं प्रत्येकाला वेळ विचारली. प्रत्येकानं सांगितलं, तिन्हीसांज. शिरस्तेदार विचारी, म्हणजे सूर्य होता की नव्हता? पाटील म्हणाला, होता म्हना, नव्हता म्हना. सोनबा म्हणाला, गाई गोठ्यात आल्या होत्या, दिवा लागला नव्हता. न्याय करायला बसलेला इंग्रज साहेब कंटाळला नाही, हेही सांगायला हवं. तरुण माणूस होता, तोंडावर उन्हाचे चट्टे, प्रत्येक शब्द स्वतःच्या हातानं लिहून घेत होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण त्याच्या पुस्तकात दोनच खण होते आणि आमच्या लोकांची वेळ त्या दोन्हींत मावत नव्हती.

मग मी उभा राहिलो. उकर्डा पिंजऱ्यात होता. मला पाहून त्याचा चेहरा सैल झाला, बैल ओळखीच्या रस्त्याला लागल्यावर गाडीवान सैल होतो तसा. शिरस्तेदारानं विचारलं, आरोपीला आत जाताना पाहिलंत? पाहिलं. लपूनछपून गेला? नाही, उघड गेला. उकर्ड्यानं मान हलवली. वेळ कोणती?

तिन्हीसांज. एवढा एक शब्द मी म्हणायचा होता. तो खोटा नव्हता. माझ्या आधी चार जणांनी शपथेवर तोच सांगितला होता. पण मला सगळं मोजलेलं माहीत होतं, आणि माहीत असलेलं कमी सांगणं मला खोट्याच्या जवळचं वाटलं. आणि खरं लिहायचं तर, आपल्यासारख्या माणसाच्या हातचं पुस्तक समोर होतं, त्याला हवा तसा बिनचूक आकडा या साऱ्या कचेरीत माझ्या एकट्याजवळ होता, याचा थोडा अभिमानही होता. मी म्हणालो, "अर्धं बिंब मावळल्यापासून पाव घटका. पूर्ण सूर्यास्तापासून धरलं तर इंग्रजी पाच मिनिटं."

साहेबानं लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. हे कशावरून, असं विचारलं. मी वाटी, भोक, रेघा, सगळं सांगितलं. तो शिरस्तेदाराला इंग्रजीत काही बोलला आणि शिरस्तेदारानं कौतुकानं मला सांगितलं, साहेब म्हणतात, या जिल्ह्यात असे दहा साक्षीदार असते तर न्याय करणं किती सोपं झालं असतं.

उकर्ड्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. दिवसाचं कलम लागलं असतं तर फार तर सहा महिने, असं शिरस्तेदार मला बाहेर पान खाताना म्हणाला. पाच मिनिटांचे अठरा महिने. मी हा भागाकार त्याच दिवशी केला आणि पुढे कधीच करायचा नाही असं ठरवलं. रायभान कचेरीच्या पायऱ्यांवर फेटा मांडीवर घेऊन बसला होता. घरी आल्यावर माझी बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते खरं होतं. पण तिन्हीसांज म्हणणारे ते चौघं खोटे होते का?"

त्या दोन वर्षांत कापसाला मिळाला तसा भाव मी पुन्हा पाहिला नाही. उकर्ड्याचं वावर रायभाननं आपल्या बैलांनी वाहून दिलं. वेचलेल्या कापसाची गाडी तोच बायजाच्या दारातून भरून नेई. टाक खटल्याचा पुरावा म्हणून कचेरीच्या कपाटात पडला होता, चिठ्ठी बांधून. खटला संपून टाक परत मिळाला तेव्हा रायभाननं तो स्वतः बायजाच्या हातात दिला आणि दारातूनच परत फिरला. पुढच्या कार्तिकात पहिल्या वेच्याला ती एकटी गेली. मी बांधावरून पाहिलं. दहीभात ठेवून ती नुसती बसून राहिली होती. मजूर बाया थांबल्या होत्या. पांढऱ्या वावरात कुणाचाच हात हलत नव्हता.

मी एकदाच अकोल्याला जाऊन त्याला भेटलो. मोर्णा नदीच्या काठाला रस्त्यासाठी गिट्टी फोडायला कैदी बसवत, तिथं. फेटा नव्हता, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. शिपायानं दोन शब्द बोलू दिले. मला माफी मागायची होती. त्यानं विचारलं, किती वेचे झाले? मी सांगितलं, तीन झाले, चौथा थोडा निघेल. तो म्हणाला, तू सांगतो म्हंजे तीनच झाले असतील. यात टोमणा होता की नाही हे मी आजवर ठरवू शकलो नाही.

तो सुटून आला त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून राहिलो. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आला, पाणी प्याला, मुलांची चौकशी केली, अकोल्यात भेटलेल्या एका मुसलमान कैद्याच्या गमती सांगितल्या, हसला. माझ्यावर राग दिसला नाही. ऊन कलू लागलं तसं त्याचं लक्ष उडालं. तो पुन्हा पुन्हा मावळतीकडे पाहू लागला आणि सूर्य झाडांना टेकायच्या आत उठला. पुढे कळलं की हे त्यानं सगळ्यांसाठीच लावून घेतलं होतं. सूर्य खाली जायच्या आत स्वतःच्या घरी. कुणाच्या घरात, कुणाच्या अंगणात, अगदी भावाच्या ओसरीवरही त्या वेळी पाय ठेवायचा नाही. लोक थट्टा करत, उकर्डा कोंबड्याबरोबर झाकला जातो म्हणून. तोही हसे आणि निघून जाई. रायभानशी त्याचं बोलणं सुरू झालं, एकत्र जेवण झालं, पण तेही दुपारचं.

सात वर्षं मी त्याच गावात राहिलो आणि सात वर्षं तिन्हीसांजेला ओट्यावर एकटाच बसलो. माणूस हाकेच्या अंतरावर, रोज दिसणारा, बोलणारा, तरी त्याची इतकी आठवण यावी याचं मलाच नवल वाटे. मग मला या शाळेत गणित शिकवायची जागा मिळाली आणि अमरावतीला यायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी तो आला. कार्तिकच होता. बांधाबांध चालली होती, अंगणात वाट्या, पोथ्या, भांडी पसरलेली. त्यानं दोरखंडं आवळून दिली, एक पेटी उचलून गाडीत ठेवली. मी म्हणालो, आज बस थोडा वेळ. तो ओट्याच्या कडेवर टेकला. बायकोनं चूल पेटवली होती, धूर आमच्यावरून आडवा गेला. तुरी फुलल्या होत्या. अमरावती किती लांब, तिकडे विहिरी खारट आहेत का, असं तो विचारत होता. मी सगळ्याला उत्तरं देत होतो आणि मनातून एकच मागत होतो, की यानं वर पाहू नये.

त्यानं पाहिलं. समोर पाटलाचा नवा माडीचा वाडा झाला होता, त्यामुळे ओट्यावरून मावळती दिसत नव्हती. त्यानं मला विचारलं, गेला काय रे सूर्य?

गेला होता. मी अंगणाच्या टोकाला उभा असतानाच तो गेलेला पाहिला होता. मी म्हणालो, "नाही अजून. बस."

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं, कितीतरी वर्षांनी दिसलेलं. त्यानं तंबाखू झटकली, उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे तवा बोलाले पायजे होतं, जोशा," तो म्हणाला आणि निघाला.

गल्लीतून, रायभानच्या परसाच्या बाजूनं तो गेला. उजेड होता. तांबडा फेटा दिसत होता, मग फक्त फेट्याची उंची, मग नुसतं हलणं. मी तो दिसेनासा होईपर्यंत उभा होतो. तो किती वेळ होता, ते मला सांगता येणार नाही.